नभोवाणीचा एक दिवस

पुराणांतील आकाशवाणी ही नेहमी कोणा एका थोरासाठी होत असे. बहिणीचा रथ हाकीत चाललेल्या कंसास ती ऐकू आली. गावच्या कुणब्यास ती कधी ऐकू आली नाही. ती रोज पहाटे ठरलेल्या घटकेस व्हावी, तिच्यात अभंग असावा, पावसाचा अंदाज असावा, मुगावरील भुरीचा उपाय असावा, दिल्लीतील मंत्रिमंडळाची वार्ता असावी आणि रात्री निजण्यापूर्वी एखादे नाटकही असावे, ही कल्पना कोणाही पुराणकारास सुचली नव्हती. विसाव्या शतकाने ती प्रत्यक्षात आणिली, आणि आमच्या लोकांनीही मोठ्या सहजतेने त्या यंत्रास पुराणातलेच नाव देऊन टाकिले. त्या वाणीच्या एका दिवसाचा इतिहास वाचकांपुढे मांडावा असे आम्ही योजिले आहे. दिवस कोणा एका तारखेचा नव्हे. मराठी केंद्रांनी सात-आठ दशकांत घडविलेला, श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेला जो नमुन्याचा दिवस, तो येथे अभिप्रेत आहे.

हा दिवस पाहावयास आम्ही फुलंब्री हे ठिकाण निवडीत आहो. पूर्वीच्या औरंगाबाद, हल्लीच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव गिरिजा नदीच्या काठी, सिल्लोड-अजिंठ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले आहे. येथे नभोवाणीचे केंद्र नाही, आणि म्हणूनच ते आमच्या कामाचे आहे. केंद्राच्या इमारतीत बसून लिहिलेला नभोवाणीचा इतिहास अधिकाऱ्यांचा, परिपत्रकांचा आणि प्रक्षेपकांच्या किलोवॅटांचा होतो. तोच इतिहास कापूस आणि मका पिकविणाऱ्या गावच्या ओट्यावरून पाहिला, म्हणजे निराळे प्रश्न पुढे येतात: आवाज कोणाचा होता, भाषा कोणती होती, आणि तो ऐकून ऐकणाऱ्याचे काय झाले?

प्रथम आरंभकाळ थोडक्यात सांगू. मुंबईच्या रेडिओ क्लबाने १९२३ साली हौशीखातर ध्वनिक्षेपण सुरू केले. तदनंतर ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’ स्थापन होऊन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते तिच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. प्रक्षेपक अवघा दीड किलोवॅटचा होता. संचाच्या परवान्यास वर्षाला दहा रुपये पडत, आणि संच ही तर श्रीमंतांच्या दिवाणखान्यातील वस्तू होती. तीन वर्षांच्या आत कंपनीचे दिवाळे वाजले. १ एप्रिल १९३० पासून सरकारने हा व्याप आपल्या अंगावर घेतला. १९३५ साली लायोनेल फील्डन हे विलायतेतील बी.बी.सी.मधून नियंत्रक म्हणून आले, आणि ८ जून १९३६ रोजी या खात्यास ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. ‘आकाशवाणी’ हा शब्द मात्र दक्षिणेतून आला. म्हैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या घरी चालविलेल्या केंद्राचे ते नाव होते. पुढे ते सर्व देशाचे झाले. इंग्रजी नाव अजिबात टाकून केवळ ‘आकाशवाणी’ म्हणावयाचे, असा सरकारी निर्णय २०२३ साली अमलात आला. परंतु मराठी श्रोत्याला तो नवा वाटण्याचे कारण नव्हते. तो ‘आकाशवाणी’ आणि ‘नभोवाणी’ या दोन शब्दांत पिढ्यान्‌पिढ्या बोलत आला होता.

या सर्व काळात फुलंब्री ब्रिटिश मुलखात नव्हती, ती निजामाच्या राज्यात होती, हे विसरता कामा नये. हैदराबादेत १९३३ च्या सुमारास खाजगी रीतीने निघालेले दोनशे वॅटचे केंद्र निजाम सरकारने १९३५ साली आपल्याकडे घेतले, व ते ‘दक्कन रेडिओ’ म्हणून प्रसिद्धीस आले. पुढे औरंगाबादेसही या सरकारचे केंद्र झाले. संस्थानातील प्रजेपैकी सुमारे चतुर्थांश लोक मराठी बोलणारे होते. तथापि राज्यकारभाराची, न्यायाची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. उर्दू ही अत्यंत गोड व संपन्न भाषा आहे. मराठवाड्याच्या बोलीने तिच्यापासून पुष्कळ शब्द आनंदाने उचलले आहेत. परंतु आपल्या शेताचा सातबारा, आपला दावा आणि आपल्या राजाचा हुकूम या तिन्ही गोष्टी परक्या भाषेतून समजून घ्याव्या लागणे हे निराळे.

१९४८ साली याच दक्कन रेडिओवरून रझाकारांचा पुढारी कासिम रझवी याची भाषणे होत. त्या प्रचाराने संस्थानातील हिंदू प्रजा भयभीत होई. आणि पुष्कळ मुसलमान प्रजेसही त्याचे पुढे फार मोठे मोल मोजावे लागले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी स्वतः निजाम मीर उस्मान अली खान नभोवाणीवरून बोलला आणि युद्ध थांबल्याचे त्याने जाहीर केले. दोनशे वर्षांहून अधिक काळ चाललेली आसफजाही सत्ता संपल्याची वार्ता दरबारी दवंडीने न येता ध्वनिलहरींवरून आली! ज्या यंत्रावरून गर्जना झाल्या, त्याच यंत्रावरून शरणागती ऐकू आली. यंत्रास पक्ष नसतो, पक्ष बोलणाऱ्यास असतो, हा धडा मराठवाड्यास असा प्रारंभीच मिळाला. पुढे १ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद व औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओत सामील झाली.

आता आमच्या दिवसाकडे वळू. पहाटे सहाच्या सुमारास संच लाविला की प्रथम काही क्षण नुसती खरखर, आणि मग तंबोऱ्यावर उठणारी व्हायोलिनची ती सुपरिचित धून. शिवरंजनी रागाची छाया असलेली ही धून वॉल्टर कॉफमन या संगीतकाराची मानली जाते. कॉफमन हा बोहेमियातला ज्यू. नाझींच्या उदयानंतर १९३४ साली तो मुंबईस आला आणि १९४६ पर्यंत येथेच राहिला. मुंबई केंद्रावर तो पाश्चात्य संगीताचा प्रमुख होता. स्वदेशास मुकलेल्या एका परदेशी माणसाने आपल्या देशाची पहाट ठरवून द्यावी, आणि कोट्यवधी लोकांनी ती आपलीच मानावी, याहून मोठा आदर त्यास कोणत्या राजाने दिला असता? धुनीमागून ‘वंदे मातरम्’, त्यामागून सनईची मंगल वाद्ये, आणि मग भक्तिसंगीत. तुकोबांचा अभंग, जनाबाईची ओवी, कबीराचे पद आणि एखादे नातही एकाच तासात ऐकू येई. पहाटेचा हा भाग लोकांनी इतका आपलासा केला की घड्याळ नसलेल्या घरी गाईच्या धारा व पोरांची शाळा त्यावरच बेतली जात असे.

यानंतर बातम्या. या जागी थोडे थांबले पाहिजे. कारण नभोवाणीच्या दिवसातील सर्वांत विश्वासाचा आणि सर्वांत संशयाचा भाग हाच होय. १९४२ च्या आंदोलनात सरकारी केंद्रे सरकारचेच सांगत होती, तेव्हा मुंबईत उषा मेहता या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीने व तिच्या सहकाऱ्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालविला. २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरपर्यंत ४२.३४ मीटरवर तो ऐकू येत होता. पोलिसांस चुकविण्यासाठी प्रक्षेपकाची जागा वारंवार बदलावी लागे. अखेर ते पकडले गेले आणि उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. जेमतेम अडीच महिन्यांचे हे आयुष्य. पण सरकारी आवाजापुढे दुसरा आवाज असू शकतो एवढे त्याने सिद्ध केले.

स्वराज्य आल्यावर हा प्रश्न सुटला असे मात्र झाले नाही. २६ जून १९७५ च्या सकाळी इंदिरा गांधी यांनी आणीबाणीची घोषणा नभोवाणीवरूनच केली, आणि पुढील एकवीस महिने लोक खरी बातमी ऐकावयास रात्री बी.बी.सी.चे केंद्र शोधीत राहिले. १९७८ साली वर्गीज समितीने नभोवाणीस सरकारपासून स्वतंत्र करण्याची शिफारस केली. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला आणि तो अमलात येण्यास १९९७ साल उजाडले. कायद्याने दिलेले स्वातंत्र्य व्यवहारात किती उतरले याविषयी मतभेद आहेत, आणि आमच्या मते ते असणेच योग्य आहे. तथापि एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मराठी वार्तापत्राने सर्व महाराष्ट्रास कळेल अशी, उच्चाराने स्वच्छ आणि अकारण न भडकणारी एक भाषा घडविली. मृत्यूची, महापुराची वा निवडणुकीची वार्ता सारख्याच संथ स्वरात सांगण्याचा तो शिरस्ता होता. त्यामुळे ऐकणाराही काही काळ संथ होई. हल्लीच्या बातम्यांचा आरडाओरडा ज्यांनी ऐकला आहे, त्यांस या गुणाची किंमत सांगावयास नको.

दुपार ही घरातील स्त्रियांची. मुंबई केंद्राच्या ‘वनिता मंडळा’ने पाककृतींपासून बाळंतपणातील काळजीपर्यंत आणि वारसाहक्कापासून विणकामापर्यंत सर्व विषय हाताळिले. यात उपदेशाचा भाग पुष्कळ असे, हे खरे. पण ज्या घरात वर्तमानपत्र पुरुषांच्या बैठकीतून माजघरापर्यंत कधी पोहोचलेच नाही, तेथे भिंतीमधून आरपार जाणारी ही एकच वस्तू होती, आणि तीस अक्षरओळख लागत नसे. पुढे याच केंद्रावरील ‘पुन्हा प्रपंच’ या मालिकेत प्रभाकर जोशी यांचे पंत, नीलम प्रभू यांच्या मीनावहिनी व बाळ कुडतरकर यांचे टेकाडे भावजी ही तीन माणसे घरगुती कुरबुरीतून महागाई, रेशन, लग्नातील मानपान असल्या विषयांवर बोलू लागली, आणि महाराष्ट्रातील घराघरांस ती आपल्या शेजारची वाटू लागली. कामगारांसाठी ‘कामगार सभा’, मुलांसाठी ‘गंमत जंमत’, तरुणांसाठी ‘युववाणी’, आणि ज्यास कशाचेच सोयरसुतक नाही त्यासाठी ‘आपली आवड’, अशी दिवसाची वाटणी होती.

आणि मग सायंकाळचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम. आमच्या मते या दिवसाचा मेरुमणी हाच. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, आणि त्याच्या ग्रामीण विभागात ‘बनगरवाडी’कार व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारखा लेखक काम करीत होता, एवढ्यावरून त्या विभागाची इभ्रत लक्षात येईल. याच केंद्रावरून १७ फेब्रुवारी ते २२ एप्रिल १९५६ या काळात युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग झाला, तो जगभर गाजला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावी श्रोत्यांची मंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम व्हावा, मंडळाने तो एकत्र बसून ऐकावा, त्यावर वाद घालावा, आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवावे, आणि केंद्राने त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमात द्यावी, अशी योजना होती. एकंदर वीस कार्यक्रम झाले. कॅनडातील शेतकरी मंडळांचा कित्ता यात गिरविला होता. परंतु गावच्या पारावरील बैठकीची सवय असलेल्या आमच्या लोकांस त्यात परके असे काही वाटले नसावे.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाने या प्रयोगाची परीक्षा केली. मंडळे असलेली वीस गावे आणि मंडळे नसलेली वीस गावे घेतली. दुसऱ्या वर्गातील निम्म्या गावी रेडिओ होता, निम्म्या गावी नव्हता. जेथे लोकांनी ऐकून चर्चा केली, तेथे त्यांचे ज्ञान चांगलेच वाढलेले आढळले. परंतु जेथे नुसता रेडिओ होता व मंडळ नव्हते, तेथे वाढ अगदी अल्प होती! या एका निष्कर्षात नभोवाणीचे सर्व तत्त्व साठविले आहे असे आम्हांस वाटते. आवाज आकाशातून येतो, पण तो रुजावयास जमीन शेजाऱ्यांच्या बोलण्याची लागते. फुलंब्री त्या पाच जिल्ह्यांत नव्हती. नाशिक आणि नगर हे शेजारचेच जिल्हे. पण १९५६ च्या वसंतात मध्ये राज्याची सीमा होती आणि मराठवाडा अद्याप हैदराबाद राज्यात होता. तो त्याच वर्षी १ नोव्हेंबरला द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. ही मंडळे देशभर काढण्याचे पुढे १९५९ साली ठरले.

सीमा जमिनीवर असली तरी लहरींस ती अडवीत नाही, याचे दुसरे उदाहरण त्याच्या आदल्या वर्षीचे आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्या गीतरामायणाचा आरंभ झाला. दर शुक्रवारी सकाळी एक नवे गीत, असा क्रम छप्पन्न गीतांपर्यंत चालला. कल्पना केंद्रातील सीताकांत लाड यांची. संयुक्त महाराष्ट्राचा लढा तेव्हा भडकत चालला होता. मराठी माणूस तीन राज्यांत विभागलेला होता. अशा वेळी जेथवर पुण्याचा ध्वनी पोहोचे तेथवरचे लोक एकाच घटकेस एकच मराठी गीत ऐकत बसले. रेडिओस हार घालून, उदबत्ती लावून लोक ते ऐकत, असे त्या काळच्या लोकांनी लिहून ठेविले आहे. राज्य १९६० साली झाले. श्रोतृवर्ग त्यापूर्वीच एक झाला होता. मराठवाड्याच्या वाट्यास पुढे १९६८ साली परभणीचे केंद्र आले, आणि ज्वारी-कापसाच्या त्या मुलखास त्याच्याच हेलात बोलणारा आवाज लाभला.

रात्र ही नाटकांची, भाषणांची आणि गाण्यांची. ‘श्रुतिका’ व ‘नभोनाट्य’ हे दोन शब्द आणि ते वाङ्मयप्रकार मराठीस नभोवाणीनेच दिले. १९५२ साली संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला आणि शनिवारच्या रात्री मोठ्या गवयांचे गाणे, ज्यास तिकिटाचे पैसे देणे शक्य नव्हते त्याच्याही घरी, फुकट ऐकू येऊ लागले. तेव्हाचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे. त्यांचा अभिजात संगीताविषयीचा आग्रह जितका प्रामाणिक तितकाच हेकट होता. त्यांनी चित्रपटगीतांस जवळजवळ हद्दपार केले, आणि लोक सरळ सिलोनकडे वळले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ काढून सरकारास ती गीते परत बोलवावी लागली. श्रोत्यास चांगले ऐकविता येते, परंतु त्याचे कान धरून ऐकविता येत नाही, एवढा या प्रकरणाचा बोध आहे.

असा हा दिवस. त्याची खरी किंमत कशात होती? आमच्या मते ती आपल्यासाठी नसलेले ऐकू येण्यात होती. शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागण्याची वाट पाहणाऱ्याच्या कानी त्यापूर्वीचे बालगीत पडे. नाटकासाठी बसलेल्या शिक्षकास बोंडअळीविषयी चार गोष्टी कळत. सासूने लाविलेल्या कीर्तनामागून सुनेस स्त्रियांच्या कायद्यावरील भाषण ऐकावयास मिळे, आणि सासूसही ते टाळता येत नसे. बारा बलुतेदारांचे गाव जसे एका वेशीत नांदे, तसे हे सर्व विषय एका दिवसात नांदत. पूर्वीच्या गावगाड्यात मात्र सर्वांस पारावर बसता येत नसे. वेशीबाहेरचा मनुष्य पाराबाहेरच उभा राही. लहरींनी ती वेस मानली नाही. संच कोणाच्या ओट्यावर आहे याचा प्रश्न उरलाच. पण खिशात मावणारा ट्रान्झिस्टर आला आणि तोही पुष्कळ अंशी मिटला. १९८५ साली परवान्याची कटकटही गेली.

हल्ली हा दिवस विरत चालला आहे. देशास स्वातंत्र्य मिळाले तेव्हा सहा केंद्रे होती व लोकसंख्येच्या अकरा टक्क्यांपर्यंतच त्यांचा आवाज पोहोचत होता. आज तो नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत पोहोचू शकतो. पण पोहोचणे निराळे आणि ऐकले जाणे निराळे. नागपूरजवळ बुटीबोरीस हजार किलोवॅटचा प्रचंड प्रक्षेपक उभारून १८ मे १९८८ रोजी ‘राष्ट्रीय वाहिनी’ सुरू झाली. सायंकाळपासून पहाटेपर्यंत सर्व देशाशी बोलणारी ही वाहिनी बंद करण्याचा निर्णय २०१८ च्या डिसेंबरात झाला, आणि त्याविषयी फारसा कोणी शोक केला नाही. २०२३ च्या जून महिन्यात पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याची वार्तापत्रे छत्रपती संभाजीनगरहून द्यावयाची असा आदेश निघाला, तेव्हा मात्र पुणेकरांनी इतका गिल्ला केला की तो स्थगित करावा लागला. मराठवाड्याचे केंद्र वार्तापत्रे द्यावयास असमर्थ आहे, असा या विरोधाचा अर्थ करणे बरोबर नव्हे. दोन्ही आवाज हवेत, एकाच्या बदल्यात दुसरा नको, हाच त्यातील ग्राह्य भाग होय.

आता फुलंब्रीतही, इतर गावांप्रमाणेच, प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र यंत्र आहे. त्यावर ज्यास जे हवे ते तो हवे तेव्हा ऐकतो, आणि एकदा एक ऐकले की यंत्र त्याच जातीचे आणखी पुढे करिते. यात सोय मोठी आहे. पावसाचा अंदाज पूर्वीपेक्षा लवकर आणि अधिक नेमका मिळतो, भाव घटकेघटकेस कळतो, आणि सरकारी आवाजास पर्यायही पुष्कळ आहेत. या गोष्टी नाकारणे हा करंटेपणा होईल. परंतु एकाच घरातील चार माणसे चार आवाज ऐकत बसली म्हणजे ती एका दिवसात राहत नाहीत. न्यूरथच्या त्या वीस गावांनी दाखविलेली गोष्ट अशी की ज्ञान ऐकल्याने थोडे वाढते आणि ऐकलेल्यावर शेजाऱ्याशी बोलल्याने पुष्कळ वाढते. शेजाऱ्याने तेच ऐकलेले नसेल, तर बोलावयाचे कशावर?

तेव्हा जुने संच पुन्हा मांडावे आणि जुन्या धुनीसाठी डोळे पुसावे, असे आमचे म्हणणे नाही. गाव एकत्र बसून काय ऐकणार आणि ऐकल्यावर काय बोलणार, याची व्यवस्था कोणीतरी जाणूनबुजून करावी लागते. ती आपोआप होत नाही. १९५६ साली ती नभोवाणीने केली. आज ती ग्रामपंचायतीने करावी, शाळेने करावी, वाचनालयाने करावी, की आकाशवाणीनेच पुन्हा अंग झाडून उठावे, हे ज्या त्या गावाने ठरवावे. साधने पूर्वीपेक्षा शतपट आहेत. दीडशे गावांस एक केंद्र आणि वीस अर्धे तास एवढ्या भांडवलावर जे साधले, ते आज साधू नये असे कोणतेही कारण आम्हांस दिसत नाही.